ऱ्हस्वदृष्टीचा काळा डाग

ज्या व्यंगावर सोपा उपाय सांपडतो त्या व्यंगाविषयींची मनुष्याची जिज्ञासा बहुधा तेथेंच थांबते. ऱ्हस्वदृष्टीचें असेंच झालें. लांबचें दिसत नाहीं अशी तक्रार मुलानें केली कीं आपण त्याला चष्मा लावतों. फळ्यावरचीं अक्षरें त्याला दिसूं लागतात आणि घरांतील मंडळी निश्चिंत होतात. पुढें दरवर्षीं नंबर वाढतो, कांचा जाड होत जातात, सोड्याच्या बाटलीच्या बुडावरून थट्टा होते. पण चष्म्यानें दिसतें आहे तोंपर्यंत हा रोग आहे असें कोणाच्या मनांत येत नाहीं. अशाच जाड कांचांच्या मागें, पस्तिशी-चाळिशीच्या ऐन कर्त्या वयांत, कधीं कधीं डोळ्याच्या तळाशीं एक काळा डाग उमटतो, आणि वाचन, शिवण, हिशेब, ओळखीच्या माणसाचा चेहरा हें सर्व त्या डोळ्यापुरतें हरपतें. हा डाग वैद्यकाला माहीत होऊन दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्याचा अर्थ कळण्यास मात्र जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. एवढा विलंब कां लागला हें या लेखांत पाहावयाचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या मतें त्याचें बरेंच कारण चष्म्याच्या यशांतच आहे.

अंतर्गोल भिंगाचा उपयोग युरोपांत पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत रूढ झालेला दिसतो. मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा यानें १४६२ सालीं फ्लॉरेन्समधील आपल्या वकिलाला पत्र लिहून तीन डझन चष्मे मागविले. त्यांत एक डझन लांबचें पाहण्यासाठीं तरुणांना लागणारे होते, एक डझन जवळचें पाहण्यासाठीं वृद्धांना लागणारे. वाण्याकडे यादी पाठवावी तशी ही मागणी आहे. डोळ्याच्या आंत प्रतिमा कोठें पडते हें त्या काळीं कोणालाहि नीट ठाऊक नव्हतें, तरी चष्मा डझनावारी विकला जात होता. तें कोडें केप्लरनें सोडविलें. हा थोर ज्योतिषी लहानपणींच्या देवीच्या आजारानें स्वतः दृष्टीनें अधू होता. बाह्य वस्तूची उलटी प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, पडते हें त्यानें १६०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें. ऱ्हस्वदृष्टि माणसाच्या डोळ्यांत किरण या पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात, आणि अंतर्गोल भिंग त्यांना फांकवून त्यांचा मेळ मागें ढकलतें, ही उपपत्ति इतकी सुबक होती कीं डोळा म्हणजे भिंगांचें यंत्र आणि ऱ्हस्वदृष्टि म्हणजे त्या यंत्राचा हिशेब चुकणें, अशी समजूत दृढ झाली. किरण अलीकडे मिळतात, कीं पडदाच जागेवरून मागें गेला आहे, असा प्रश्न विचारणारे मधूनमधून निघाले. पण तो नेटानें लावून धरण्याची कोणाला निकड वाटली नाहीं. चष्म्याला दोन्ही उत्तरें सारखींच होतीं.

पडदा मागें गेल्याचा प्रत्यक्ष पुरावा प्रथम ज्याच्या हातीं लागला त्याला त्याचा उपयोग कळला नाहीं. पाव्हिया येथील शरीरशास्त्रज्ञ आन्तोनियो स्कार्पा यानें १८०१ सालीं दोन स्त्रियांच्या मृत डोळ्यांचें वर्णन केलें. त्या डोळ्यांचा मागचा भाग पातळ होऊन बाहेर फुगलेला होता. स्कार्पानें हा फुगवटा नीट पाहिला, नीट लिहून ठेवला. परंतु ऱ्हस्वदृष्टीशीं त्याचा संबंध जोडला नाहीं. तो जोडण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें. प्रागचा व पुढें व्हिएन्नाचा प्राध्यापक आर्ल्ट यानें ऱ्हस्वदृष्टि असलेल्या माणसांचे डोळे मरणोत्तर उघडून पाहिले, आणि ते पुढून मागें लांबलेले असतात हें १८५० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें.

येथें डोळ्याच्या भिंतीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. प्रौढ माणसाचा निरोगी डोळा पुढून मागें सुमारें २४ मिलिमीटर असतो. तो एक मिलिमीटरनें लांबला तर चष्म्याचा नंबर अडीच-तीननें वाढतो. नंबर सहाच्या वर आणि लांबी २६ मिलिमीटरच्या पलीकडे गेली म्हणजे तीव्र ऱ्हस्वदृष्टि समजतात. तीस मिलिमीटरच्या वर गेलेले डोळेहि वैद्यांच्या पाहण्यांत येतात. या भिंतीला तीन थर आहेत. बाहेरचें चिवट श्वेतपटल, मधलें रक्तवाहिन्यांनीं गच्च भरलेलें रंजितपटल, आणि आंतलें प्रकाश टिपणारें दृष्टिपटल. मधल्या आणि आंतल्या थरांच्या सीमेवर एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दोन-चार सहस्रांशांएवढी. कार्ल ब्रुख या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें १८४४ सालीं त्याचें वर्णन केलें म्हणून तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो. रंजितपटलांतील रक्तवाहिन्यांनीं दृष्टिपटलाखालीं शिरूं नये म्हणून निसर्गानें घातलेला हा बांध आहे. डोळा लांबत जातो तेव्हां श्वेतपटल ताणलें जातें, रंजितपटल विरळ होतें. पण ब्रुखच्या पापुद्र्याला तितकें ताणतां येत नाहीं. जुन्या लाकडी पेटीवरच्या रोगणाला जसे बारीक तडे जातात, तसे त्याला तडे जातात. नेत्रवैद्यांनीं या तड्यांना नांव दिलें तेंहि रोगणावरूनच.

हे सर्व जिवंत माणसाच्या डोळ्यांत पाहण्याची सोय हेल्महोल्ट्झनें केली. क्योनिग्सबेर्ग येथें शरीरक्रियाशास्त्र शिकवीत असतां त्यानें १८५० सालीं नेत्रांतर्दर्शक यंत्र तयार केलें, आणि आजवर केवळ काळी दिसणारी बाहुली एकाएकीं खिडकी बनली. पुढील दहा-बारा वर्षांत डोळ्याच्या तळाचें जें वर्णन झालें तितकें पूर्वींच्या दोन हजार वर्षांत झालें नसेल. या पहिल्या भरांतच ब्रेस्लाउ, म्हणजे हल्लींचें पोलंडांतील व्रोत्स्वाफ, येथील फ्योर्स्टर या वैद्यानें तीव्र ऱ्हस्वदृष्टि असलेल्या रोग्यांच्या डोळ्यांत, दृष्टि जेथें सर्वांत तीक्ष्ण असते त्या पीतबिंदूपाशीं, एक काळसर डाग पाहिला. त्याचें हें लिखाण १८६२ चें.

आतां योगायोग पाहा. याच ब्रेस्लाउ शहरांत १८६७ सालीं हेर्मान कोन यानें शाळेंतील १०,०६० मुलांचे डोळे तपासून त्यांचे आंकडे प्रसिद्ध केले. खेडेगांवच्या शाळांत ऱ्हस्वदृष्टि मुलें शेंकडा १.४, तर विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या वरिष्ठ शाळांत शेंकडा २६.२. या आंकड्यांनीं युरोपभर खळबळ उडाली. बांकांची उंची, खिडक्यांची दिशा, छापील अक्षरांचा आकार, दिव्याचा उजेड यांवर ग्रंथ लिहिले गेले, कायदे झाले. कोनचें काम मोठें आहे, आणि मुलांच्या शाळांना त्यापासून खरोखर फायदा झाला, यांत शंका नाहीं. परंतु आमच्या समजुतीप्रमाणें त्याचा एक अनिष्ट परिणामहि झाला. ऱ्हस्वदृष्टि म्हटली कीं शाळा, पुस्तक आणि दिवा एवढाच विचार होऊं लागला. वरिष्ठ शाळांतील ज्या मुलांनीं हा आंकडा फुगविला त्यांपैकीं बहुतेकांचा नंबर बेताचाच होता; चष्मा लावून तीं पुढें वकील-प्राध्यापक होऊन सुखानें म्हातारीं झालीं असतील. फ्योर्स्टरचे रोगी निराळे होते. त्यांच्या डोळ्यांची भिंतच फाटत चालली होती. वडाची साल पिंपळाला लावावी तसा एकाचा उपचार दुसऱ्याला होऊं लागला. पीतबिंदूवर डाग आलेल्या रोग्याला वाचन बंद करण्यास सांगावें, अंधाऱ्या खोलींत बसवावें, कानशिलांना जळवा लावाव्या, आणि डाग वाढला कीं त्यानें चोरून वाचलें असेल असें म्हणावें. रोग्याच्या दुःखांत अपराधाची भर, एवढेंच त्यांतून निघालें.

उट्रेख्टच्या डॉन्डर्सनें याविषयीं सावध केलें नव्हतें असें नाहीं. १८६४ सालीं लंडनमध्यें इंग्रजींत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथानें ऱ्हस्वदृष्टि, दीर्घदृष्टि आणि चाळिशी यांचा जुना गोंधळ कायमचा मिटविला. नंबर काढण्याची आजची पद्धत बव्हंशीं त्याच ग्रंथावर उभी आहे. त्याच ग्रंथांत, वाढत जाणारी तीव्र ऱ्हस्वदृष्टि असलेला डोळा हा आजारी डोळा समजावा, असा त्याचा अभिप्राय आहे. लोकांनीं ग्रंथांतला चष्मा घेतला आणि इशारा तेथेंच ठेविला.

डागाचें सविस्तर वर्णन व्हावयास १९०१ साल उजाडलें. तें करणारा एर्न्स्ट फुक्स हा आर्ल्टचा शिष्य आणि व्हिएन्नाचा प्राध्यापक. १८८९ सालीं निघालेलें त्याचें नेत्रवैद्यकाचें पाठ्यपुस्तक अनेक भाषांत गेलें आणि दोन पिढ्यांचे नेत्रवैद्य त्यावर तयार झाले. ऱ्हस्वदृष्टींतील मध्यवर्ती काळा डाग या विषयावर त्यानें स्वतंत्र निबंध लिहिला, आणि तेव्हांपासून हा डाग जगभर फुक्सचा डाग म्हणून ओळखला जाऊं लागला. फ्योर्स्टरचें नांव पुढें कांहीं न्यायी लेखकांनीं जोडलें. दृष्टिपटलाखालच्या रंगद्रव्याच्या पेशी वाढून हा डाग बनतो असें फुक्सनें सांगितलें. तें खोटें नव्हतें. काळा रंग त्या पेशींचाच असतो. पण त्या पेशी वाढल्या कां? पुढच्याच वर्षीं, १९०२ सालीं, साल्झमान यानें तीव्र ऱ्हस्वदृष्टीच्या डोळ्यांत ब्रुखच्या पापुद्र्याला पडलेल्या चिरा सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविल्या. एका ऑस्ट्रियन वैद्यानें डाग सांगितला, दुसऱ्यानें चीर दाखविली. चिरेंतून काय आलें म्हणून डाग पडला, हें सांगणारा तिसरा मनुष्य मात्र साठ वर्षें पुढें आला नाहीं. याचें कारण उघड आहे. रोगी वैद्याकडे येई तोंपर्यंत बहुधा सर्व संपलेलें असे. आग विझल्यावर राखेचा रंग वर्णावा, तसें तें वर्णन होतें.

मधल्या काळांत उपाय झाले नाहींत असें नाहीं, आणि ते चष्म्याच्याच बुद्धीनें झाले हें लक्षांत घेण्यासारखें आहे. १८९० सालीं फुकाला नांवाच्या शल्यवैद्यानें तीव्र ऱ्हस्वदृष्टि असलेल्या डोळ्यांतील निरोगी, स्वच्छ भिंगच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया पुढें आणली. भिंग गेलें कीं किरण मागें सरकतात, प्रतिमा पडद्यावर पडते आणि रोगी जाड चष्म्यांतून सुटतो. हिशेब बिनचूक होता. परंतु ताणलेल्या डोळ्याला ही शस्त्रक्रिया सोसेना. दृष्टिपटल सुटून येऊन डोळे आंधळे होऊं लागले, आणि कांहीं वर्षांत ती मागें पडली.

चिरेंतून काय येतें हें दाखविणारें साधन अगदीं अनपेक्षित दिशेनें आलें. बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८७१ सालीं फ्लुओरेसीन नांवाचा रंग तयार केला होता. निळा प्रकाश पडला कीं तो हिरवापिवळा चमकतो. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत नोव्हॉट्नी आणि अल्व्हिस या दोघां उमेदवार वैद्यांनीं हा रंग हाताच्या शिरेंत टोंचून तो डोळ्याच्या रक्तवाहिन्यांतून जातांना भराभर छायाचित्रें घेण्याची युक्ति काढली. पहिला प्रयोग कोणावर करावयाचा यासाठीं त्यांनीं नाणें उडविलें. अल्व्हिस हरला आणि सुई त्याला टोंचली गेली. त्यांचा निबंध नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकानें परत केला, म्हणून तो १९६१ सालीं रक्ताभिसरणाच्या नियतकालिकांत छापावा लागला. संपादकवर्गानें ही गोष्ट अधूनमधून आठवावी! पुढें मायामी येथील गॅस यानें याच छायाचित्रांच्या आधारें १९६७ सालीं दाखविलें कीं, पीतबिंदूच्या अनेक विकारांचें मूळ दृष्टिपटलाखालीं नव्यानें उगवलेल्या रक्तवाहिन्यांत आहे. त्या रंजितपटलांतून निघून ब्रुखचा पापुद्रा भेदतात, कच्च्या असल्यामुळें पाझरतात, फुटतात, आणि शेवटीं व्रण ठेवून सुकतात. गॅसचे रोगी मुख्यत्वें वृद्ध होते. परंतु लवकरच ऱ्हस्वदृष्टीच्या डागाचाहि हाच प्रकार असल्याचें स्पष्ट झालें. फरक इतकाच कीं ऱ्हस्वदृष्टींत हें रक्तवाहिन्यांचें झुडूप लहान असतें, पाझर थोडा असतो, रक्तस्राव बारीकसा असतो. म्हणूनच तो इतकीं वर्षें नजरेंतून सुटला. तडे जाण्यामुळेंच तें उगवतें, कीं विरळ झालेल्या रंजितपटलाचा रक्तपुरवठा कमी पडतो म्हणून, याविषयीं अजून एकमत नाहीं. बहुधा दोन्ही कारणें आहेत.

शत्रु दिसला, पण त्याच्यावर चालविलेलें पहिलें शस्त्र आपल्यावरच उलटलें. लेसरच्या किरणांनीं हें झुडूप जाळतां येई. पण जाळल्याचा व्रण लांबलेल्या डोळ्यांत वर्षानुवर्षें पसरत जाई आणि अखेर वाचलेली दृष्टीहि गिळी. २००० च्या सुमारास व्हर्टेपोर्फिन हें औषध शिरेंतून देऊन सौम्य लेसरनें तें डोळ्यांत जागें करण्याची रीत निघाली. तिच्यामुळें नुकसान कांहीं काळ थांबे, गेलेलें परत येत नसे.

खरा उपाय मिळाला तो रक्तवाहिन्या मुळांत कां उगवतात या प्रश्नांतून. मायकेलसन यानें १९४८ सालींच तर्क केला होता कीं दृष्टिपटलांतून कांहीं तरी विद्राव्य द्रव्य सुटत असावें आणि तें रक्तवाहिन्यांना वाढावयास लावीत असावें. फोकमन यानें १९७१ सालीं कर्करोगाच्या गांठींविषयीं तशीच कल्पना मांडली. १९८९ सालीं फेरारा यानें तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत हस्तगत केलें. त्याला निष्प्रभ करणारें बेव्हासिझुमॅब हें औषध २००४ सालीं आंतड्याच्या कर्करोगासाठीं मान्य झालें, आणि दुसऱ्याच वर्षीं मायामीच्या रोझेनफेल्डनें त्याचा एक थेंब डोळ्यांत टोंचून पाहिला. डोळ्यासाठींच बनविलेलें रानिबिझुमॅब २००६ मध्यें आलें. तीव्र ऱ्हस्वदृष्टीच्या २७७ रोग्यांवर केलेल्या त्याच्या परीक्षेचा निकाल २०१४ सालीं प्रसिद्ध झाला: वर्षाअखेर रोगी अक्षरांच्या तक्त्यावर सरासरीनें १३-१४ अक्षरें अधिक वाचूं लागले, आणि त्यासाठीं बहुतेकांना वर्षाकांठीं दोन ते चारच सुया पुरल्या. वृद्धांच्या रोगाला याहून कितीतरी अधिक लागतात. झुडूप लहान असतें याचा हा फायदा.

या आंकड्यांचें मोल कळण्यासाठीं उपचार न झालेल्या डोळ्यांचें काय होतें तें पाहावें. टोकियो येथील वैद्यांनीं असे २७ डोळे दहा वर्षें पाहिले. पांच वर्षांनीं त्यांतील शेंकडा ८९, आणि दहा वर्षांनीं शेंकडा ९६ डोळ्यांची दृष्टि ६/६० किंवा त्याहून कमी झाली होती. म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरांवरून दिसणारें अक्षर त्यांना सहा मीटरांवर आल्याशिवाय दिसेना. हा निकाल २००३ चा. तीव्र ऱ्हस्वदृष्टीच्या सुमारें दहांतील एका डोळ्याला ही व्याधि होते, आणि एका डोळ्याला झाली असल्यास दुसऱ्याला होण्याचें प्रमाण तिपटीनें वाढून तिनांत एक होतें, असें जपानमधील त्याच वर्षींच्या दुसऱ्या पाहणींत आढळलें. पन्नाशीच्या आंतील माणसांत अशा रक्तवाहिन्या उगवण्याचें सर्वांत मोठें कारण तीव्र ऱ्हस्वदृष्टि हेंच आहे.

येथें गोष्ट पुस्तकांतून घरांत येते. दरवाजाची उभी चौकट मधेंच वांकडी दिसूं लागली, वहीच्या रेघा लाटेसारख्या झाल्या, वाचतांना शब्दांतलें मधलें अक्षर पुसलें गेलें, तर जाड चष्म्याचा मनुष्य बहुधा म्हणतो, नंबर वाढला असेल. आणि सवडीनें चष्म्याच्या दुकानाची पायरी चढतो. दोन्ही डोळे उघडे असतां चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो, त्यामुळें ही वांकडी रेघ पुष्कळांच्या उशिराच लक्षांत येते. स्विस वैद्य आम्सलर यानें गेल्या शतकाच्या चाळिशींत यासाठीं एक साधी चौकट प्रचारांत आणली: दहा सेंटीमीटरचा चौरस, त्यांत चारशें बारीक घरें, मधें एक ठिपका. वाचावयाचा चष्मा लावून, एक डोळा झांकून, हातभर अंतरावरून ठिपक्याकडे पाहावें. कोठें रेघ वांकली किंवा घर नाहींसें झालें, तर तो दिवस दुकानांत न घालवितां थेट नेत्रवैद्याकडे जावें. झुडूप ओलें आहे तोंवरच सुईचा उपयोग. सुकून काळा डाग झाल्यावर ती टोंचून कांहीं हातीं लागत नाहीं.

खर्चाचा प्रश्न मध्यम स्थितींतील कुटुंबाला चुकत नाहीं. बेव्हासिझुमॅबची एक बाटली पुष्कळ डोळ्यांना वांटतां येते, म्हणून तें रानिबिझुमॅबपेक्षां फार स्वस्त पडतें. पण ही वांटणी निर्जंतुक रीतीनें झाली नाहीं तर डोळा जाण्याची भीति असते. २०१६ सालच्या आरंभीं भारताच्या औषधनियंत्रकांनीं डोळ्यासाठीं त्याच्या वापराविरुद्ध सूचना काढली, आणि नेत्रवैद्यांनीं गाऱ्हाणें घातल्यावर त्याच वर्षीं मार्चमध्यें ती मागें घेतली. स्वस्त औषध काळजीपूर्वक द्यावें, हाच त्यांतला शहाणपणाचा मार्ग होता असें आम्हांस वाटतें.

औषधानें झुडूप सुकतें. ताणलेली भिंत पूर्ववत् होत नाहीं. सुयांनीं परत मिळालेली दृष्टि कांहीं रोग्यांत पांच-सहा वर्षांनीं पुन्हां खालावते, आणि डागाभोंवतीं फिकट पांढरें वर्तुळ पसरतांना दिसतें. फार दिवस तें रंजितपटल झिजल्याचें लक्षण समजलें जाई. प्रकाशाच्या लहरींनीं दृष्टिपटलाचा उभा छेद दाखविणारीं नवीं यंत्रें आल्यावर गेल्या दशकांत जपानी व जर्मन संशोधकांना आढळून आलें कीं, त्या वर्तुळांत ब्रुखचा पापुद्राच उरलेला नसतो. साल्झमाननें पाहिलेली चीर रुंदावत जाऊन तेथें मोठें छिद्र पडलेलें असतें. डोळा लांबत असतो तोंवर त्या छिद्राची कड बाहेर सरकत राहते, आणि ती थांबविणारें औषध अद्याप कोणाजवळ नाहीं.